मुलांबरोबर तत्त्वज्ञानाचा तास घ्यायचाय? मग अशी सुरुवात करा

साधारण सहा वर्षांचा एक मुलगा भांडं चाटत बसला होता. चाटता चाटता त्यानं वडिलांना विचारलं, हे सगळं स्वप्न नाही कशावरून? वडील जरा गडबडले. मला ठाऊक नाही म्हणाले, आणि मग त्यालाच विचारलं, तुला काय वाटतं, कसं ओळखायचं? मुलानं आणखी थोडा वेळ भांडं चाटलं आणि सांगितलं की सगळंच स्वप्न असेल असं काही वाटत नाही, कारण स्वप्नात माणसं 'हे स्वप्न आहे का' असं विचारत बसली नसती.

हा प्रसंग अमेरिकी तत्त्वज्ञ गॅरेथ मॅथ्यूज यांनी १९८० साली नोंदवून ठेवला. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं १६४१ मध्ये 'मेडिटेशन्स' या ग्रंथातल्या पहिल्याच चिंतनात हीच शंका मांडली होती. मुलाचं उत्तर बिनतोड आहे असं नाही, पण ते कारणासकट आलेलं उत्तर आहे. मला मात्र या गोष्टीत मुलाइतकेच वडील महत्त्वाचे वाटतात. त्यांनी आपल्याला माहीत नाही हे कबूल केलं, प्रश्न मुलाकडे परत दिला आणि भांडं चाटून होईपर्यंत ते थांबले. पुढे जे लिहिलंय ते सगळं याच तीन गोष्टी दहा-पंधरा मुलांच्या घोळक्यात कशा करायच्या, याबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

मुलांबरोबर तत्त्वज्ञान करण्याची आजची पद्धत मुख्यतः मॅथ्यू लिपमन यांच्यापासून आली. ते कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या लक्षात आलं की विद्यापीठात येईपर्यंत विचार करण्याच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात आणि तिथे तर्कशास्त्र शिकवायला उशीर झालेला असतो. म्हणून त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. तिच्यातली मुलं तर्काचे नियम आपापसात बोलत स्वतःच शोधून काढतात. १९७४ साली ॲन शार्प यांच्या साथीनं त्यांनी न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे या कामासाठी संस्था काढली. तिथून ही पद्धत अनेक देशांत गेली आणि प्रत्येक ठिकाणी थोडी बदलली.

याला विरोधही जुना आहे. प्लेटोनं बजावलं होतं की वादविद्या कोवळ्या वयात हातात देऊ नका. कुत्र्याची पिल्लं जवळ येईल त्याला ओढतात, फाडतात, तशी पोरं शब्दांनी करतात. तिशीच्या आधी हे शिकवूच नये असं त्याचं मत होतं. तिशीचं मला पटत नाही, पण इशारा खरा आहे. नुसतं खोडून काढायला शिकवलं तर मुलं तेच करतात. त्यावरचा उपाय पुढे येईल.

पायरी १: प्रश्न ओळखायला शिका

तत्त्वज्ञानाची पदवी नसेल तर अडत नाही. प्रश्नांची जात ओळखता आली पाहिजे. काही प्रश्नांची उत्तरं बघून, मोजून, कुणाला तरी विचारून मिळतात. व्हेल मासा आहे की सस्तन प्राणी, हा असा प्रश्न. काहींची उत्तरं केवळ आवडीची असतात: तुला निळा आवडतो की हिरवा? आणि काही प्रश्न असे असतात की सगळी माहिती हातात असूनही ते सुटत नाहीत. दगडांच्या ढिगातून एकेक दगड काढत गेलो तर तो ढीग नेमका कधी संपतो? मित्राला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोललं तर ते खोटं वाईट का? हे तिसऱ्या जातीचे प्रश्न आपले.

आठवडाभर एक वही जवळ ठेवा आणि आसपासची मुलं काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. 'न्याय म्हणजे काय' असं मूल कधी विचारत नाही. ते म्हणतं, 'त्यानं सांडलं तर मी का पुसू?' या वाक्यात न्यायाचा अख्खा प्रश्न आहे, आणि तो ऐकू येणं हीच तुमची निम्मी तयारी.

इथेच एक सावधगिरी. हा मूल्यशिक्षणाचा तास नाही. 'खरं बोलावं' हे तुम्ही आधीच ठरवून आला असाल आणि मुलांना गोल गोल फिरवून तिथेच आणणार असाल, तर मुलं ते पाच मिनिटांत ओळखतात आणि तुम्हाला हवं ते बोलायला लागतात. तेव्हापासून तास मेला. खरं बोलायला जरूर शिकवा, पण दुसऱ्या वेळी आणि सरळ सांगून.

पायरी २: माणसं, जागा, वेळ

सुरुवात दहा ते पंधरा मुलांनी करा. सहापेक्षा कमी असली तर मतं फार पटकन जुळतात आणि वीसच्या वर गेली तर निम्मी नुसती ऐकतात. गोल करून बसा, तुम्हीही त्याच उंचीवर. एकमेकांचे चेहरे दिसले नाहीत तर प्रत्येक मूल तुमच्याशीच बोलतं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, आठ-दहा वर्षांच्यांना चाळीस, त्यापुढे तास. वयात दोन वर्षांपेक्षा जास्त फरक शक्यतो नको.

आठवड्यातून एकदा, पण न चुकता. स्कॉटलंडमध्ये टॉपिंग आणि ट्रिकी या संशोधकांनी या पद्धतीचा जो अभ्यास केला, त्यात मुलांना आठवड्याला एक तास, असं १६ महिने मिळालं होतं. पहिल्या तीन-चार तासांत 'काही घडत नाहीये' असं तुम्हाला वाटेल. घडत असतं, पण ते दिसायला वेळ लागतो.

पायरी ३: ठिणगी निवडा

चर्चा हवेत सुरू होत नाही. एखादी छोटी गोष्ट, एखादी वस्तू, एखादं चित्र लागतं, पाच मिनिटांत संपणारं. निवडताना एकच कसोटी लावा: यावर तुम्हाला स्वतःला दोन्ही बाजूंनी बोलता येतं का? येत नसेल तर सोडून द्या. शेवटी तात्पर्य असलेल्या गोष्टी टाळा, किंवा तात्पर्याच्या आधीच थांबा.

जुन्या साहित्यात भरपूर माल पडलेला आहे. ग्रीक लेखक प्लुटार्कनं सांगितलेलं, थीसिअस या वीराचं जहाज: कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेले, मग ते तेच जहाज राहिलं का? राजा मिलिंदाला नागसेन या बौद्ध भिक्खूनं विचारलेला रथाचा प्रश्न: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, मग रथ आहे तरी कुठे? प्लेटोनं सांगितलेली गायजीसची अंगठी: बोटात घालून खडा आत वळवला की अदृश्य होता येतं, कुणी पकडणार नाही, मग चांगलं का वागायचं? ही शेवटची दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी ठेवा. लहान मुलं अदृश्य होऊन काय काय करता येईल यातच रमतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

पायरी ४: प्रश्न मुलांना विचारू द्या

गोष्ट संपली की दोन मिनिटं शांतता. मग जोड्या करून 'तुम्हाला यात काय कोडं वाटलं' ते ठरवायला सांगा. आलेले प्रश्न मोठ्या कागदावर जसेच्या तसे लिहा, भाषा सुधारू नका, आणि प्रत्येकाखाली विचारणाऱ्याचं नाव लिहा. आपला प्रश्न नावासकट भिंतीवर लागला की मुलाची बसण्याची ढबच बदलते. मग मत घेऊन एक प्रश्न निवडा, डोळे मिटून हात वर करायला सांगून. नाहीतर सगळे एकाच लोकप्रिय मुलाकडे बघून हात वर करतात.

निवडलेला प्रश्न तुम्हाला फिका वाटला तरी बदलू नका. पहिल्याच वेळी बदललात तर पुढच्या वेळी ते मनापासून विचारणार नाहीत.

पायरी ५: चर्चा, म्हणजे खरं काम

इथे जरा थांबून एक तास जवळून दाखवते.

सात-आठ वर्षांची अकरा मुलं होती. मी एक साधं बॉलपेन दाखवलं. रिफिल संपली म्हणून बदलली, आता हे तेच पेन का? हो, सगळे म्हणाले. टोपण हरवलं, दुसरं लावलं. तेच. मग वरची नळी तडकली, तीही नवी घातली. इथे फूट पडली. एक मुलगी म्हणाली, 'पेन म्हणजे ज्यानं लिहितात ते, म्हणजे रिफिलच. रिफिल बदलली तेव्हाच ते दुसरं झालं, तुम्ही सगळे उगाच हो म्हणालात.'

समोरच्या मुलाचे पुढचे दोन दात नुकतेच पडून नवे येत होते. तो म्हणाला, 'मग माझे दात बदलले. मी दुसरा झालो का?'

'तू काय पेन आहेस?' ती म्हणाली, आणि सगळे हसले.

नवखा माणूस इथे 'छान!' म्हणून पुढच्या मुलाकडे वळतो. तसं करू नका. या हसण्याखाली एक दावा आहे, की माणसाला हे लागू नाही. तो वर काढायचा. मी तिला विचारलं, 'पेनात आणि त्याच्यात असा कोणता फरक आहे, की पेन बदलतं आणि तो बदलत नाही?'

ती गप्प झाली. मीही गप्प राहिले. बराच वेळ गेला. शेवटी तोवर तोंड न उघडलेला एक मुलगा हळूच म्हणाला, 'पेनाला आठवत नाही.'

माणूस तोच राहतो याचा संबंध स्मृतीशी आहे, हा विचार इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकनं १६९४ मध्ये मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत घातला. मला ते सांगायचा मोह झाला, पण मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या मुलाचा विचार लॉकचा झाला असता आणि चर्चा तिथेच बसली असती. मी एवढंच विचारलं, 'म्हणजे आठवतं म्हणून तो तोच आहे, असं तुला म्हणायचंय का?' त्यानं मान हलवली. लगेच दुसरीकडून आवाज आला, 'पण मला मी बाळ होते तेव्हाचं काहीच आठवत नाही. मग ते बाळ कोण होतं?'

लॉकवर पुढे जे आक्षेप घेतले गेले, त्यातला एक मोठा आक्षेप याच वाटेनं जातो. तो आठ वर्षांच्या मुलीनं घेतला, कारण कुणी घाई केली नाही.

त्या तासात मी जेमतेम पाच-सहा वाक्यं बोलले असेन, त्यातले बहुतेक प्रश्नच. तुम्हालाही एवढेच पुरतील. सुरुवातीला कागदावर लिहून मांडीवर ठेवले तरी चालतात:

- असं का वाटतं?
- एखादं उदाहरण सांगशील?
- हे नेहमीच खरं आहे, की कधी कधी?
- तिचं म्हणणं आणि तुझं म्हणणं एकच आहे, की वेगळं?
- तुझं बरोबर असेल, तर मग अमुकचं काय?
- 'खरा मित्र' म्हणालास. 'खरा' म्हणजे?

या सगळ्यांपेक्षा थांबणं अवघड. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. या तासाला मी मनात दहा आकडे मोजते. आधी आधी ते दहा आकडे जिवावर येतात. मोजा तरीही.

आणि 'बरोबर', 'शाब्बास', 'वा' हे शब्द या तासापुरते बाजूला ठेवा. एका मुलाला शाब्बास म्हटलं की बाकीचे त्याच दिशेनं उत्तरं शोधतात. त्याऐवजी काय ऐकलं ते परत सांगा: 'म्हणजे तुझ्या मते हेतू चांगला असला की पुरे.' आपलं म्हणणं नीट ऐकलं गेलं, हे मुलाला शाबासकीपेक्षा जास्त पोचतं.

प्लेटोच्या पिल्लांवरचा उपाय आता सांगते. नियम असा: कुणाला विरोध करायचा असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं त्यानं म्हटल्यावरच पुढे जायचं. सुरुवातीला फार वेळ खातो हा नियम. पण कितीदा तरी असं होतं की दुसऱ्याचं म्हणणं सांगता सांगता मूल मध्येच थांबतं आणि म्हणतं, 'अरे, तेही आहे.'

'ज्याचं त्याचं मत' आलं की

तिसऱ्या-चौथ्या तासाला कुणीतरी हे म्हणणारच, आणि बाकीचे माना डोलावणार. ऐकायला समंजस वाटतं, पण यानं विचार थांबतो. अशा वेळी उपदेश न करता एक ठोस प्रसंग समोर ठेवा. मी म्हणते, 'माझं मत असं आहे की आज डाव्या बाजूला बसलेल्यांनी बोलायचं नाही. ज्याचं त्याचं मत, हो ना?' गदारोळ होतो. 'हे चुकीचं आहे!' मग विचारायचं, नुसतं वेगळं मत आहे की चुकीचं आहे? चुकीचं असेल तर कशामुळे? काही मतांना दुसऱ्या मतांपेक्षा चांगली कारणं असतात, हे त्यांचं त्यांना सापडतं. हा प्रसंग मांडून झाल्यावर तो खोटा होता हे स्पष्ट सांगा. लहान मुलांना खरंच लागतं.

माहितीची चूक मात्र तिथल्या तिथे दुरुस्त करा. कुणी म्हणालं की झाडं जिवंत नसतात, तर त्यावर मतं मागवत बसू नका. झाडं जिवंत असतात असं सांगा आणि मग विचारा, झाडाला इजा करणं आणि मांजराला इजा करणं यात फरक आहे का?

अडचणी येतात त्या

सतत बोलणारं मूल: त्याला एका तासापुरतं कोण काय म्हणालं ते लिहून घ्यायचं काम द्या. शेवटी त्यानं सगळ्यांना वाचून दाखवायचं. हे काम शिक्षा म्हणून देऊ नका, ते खरोखरच मानाचं आहे.

न बोलणाऱ्या मुलाला बोलतं करायचा हट्ट नको. 'पास' म्हणायची मुभा हवी. पेनाचं सांगितलं तो मुलगा त्याआधीचे सलग पाच तास पास म्हणाला होता.

मृत्यूचा विषय मुलं स्वतःहून काढतात, आणि आपण समजतो त्यापेक्षा शांतपणे बोलतात. पण गटात कुणाच्या घरी अलीकडेच कुणी गेलं असेल तर ते तुम्हाला आधी माहीत असायला हवं. त्या मुलाशी तासाच्या आधी एकट्यानं बोला, नको असेल तर विषय पुढे ढकला. चर्चेत एखादं मूल रडू लागलं तर प्रश्न बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसायचं. त्या दिवशी तेवढंच.

पालकांना पहिल्याच आठवड्यात बोलावून एक तास त्यांच्याबरोबर करा, मुलांना दिलेल्याच ठिणगीवर. घरी शिकवलेलं इथे खोडून काढणार का, ही त्यांची भीती समजावून सांगून जात नाही, पण एकदा त्या गोलात बसल्यावर पुष्कळ कमी होते. श्रद्धेचा प्रश्न आला तर कुणाच्याही घरच्या श्रद्धेवर निकाल द्यायचा नाही. 'तुला हे पटतं, त्यामागे तुझं कारण काय' एवढं विचारता येतं, आणि 'घरी असं सांगितलंय' हे उत्तरही आदरानं ऐकून घेता येतं.

गुणांबद्दलही ते विचारतील. खरं ते सांगा. या पद्धतीच्या, इंग्लंडमध्ये ४८ शाळांत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वाचन आणि गणितात हा तास मिळालेली मुलं इतरांपेक्षा साधारण दोन महिन्यांइतकी पुढे गेलेली दिसली. नंतरच्या मोठ्या चाचणीत वाचनात तसा फायदा दिसला नाही. टॉपिंग आणि ट्रिकींच्या अभ्यासात मात्र तर्कक्षमतेच्या चाचण्यांतली वाढ दोन वर्षांनंतरही टिकून होती. गुण वाढतील म्हणून हा तास सुरू करू नका, असंच मी सांगेन. नाही वाढले की तो बंद पडेल.

पायरी ६: तास संपवताना

निकाल जाहीर करायचा नाही. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि दोनच गोष्टी विचारा: आज कुणाचं मत थोडं तरी बदललं का, आणि कुणाच्या बोलण्यामुळे? दुसऱ्या भागाचं उत्तर नाव घेऊन यावं. आपल्यामुळे कुणाचं तरी मत बदललं हे ऐकताना मुलाचा चेहरा बघा.

नंतर दहा मिनिटं स्वतःसाठी काढा आणि वहीत लिहा: मी किती वेळा बोलले, कुठे घाई केली, कुणाचा धागा हातून सुटला. तो सुटलेला धागा पुढच्या तासाची सुरुवात.

राहता राहिला एक प्रश्न, जो तुम्हाला विचारला जाईलच. 'ताई, पण तुम्हाला काय वाटतं?' पहिले काही महिने मी म्हणते, 'शेवटी सांगेन.' आणि शेवटी सांगतेही, कारण लपवणं हा त्यांच्या विश्वासाचा अपमान आहे. पण मतासोबत कारण सांगते आणि मग गोलाकडे बघते. पेनाच्या त्या तासाला मी म्हणाले की मला ते पेन तेच वाटतं, कारण सगळे भाग एकदम बदलले नाहीत, हळूहळू बदलले. दात पडलेल्या मुलानं बराच विचार केला आणि विचारलं, 'हळूहळू म्हणजे किती दिवस? आणि तुम्ही तर ते आत्ता, आमच्यासमोर पाच मिनिटांत बदललंत.'

पुढच्या आठवड्यात आम्ही तिथूनच सुरू केलं.